डब्लिन, सॅन रॅमोन, प्लेझंटन की लिव्हरमोर? ट्राय-व्हॅलीत घर घेण्याआधी

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, डोंगरांपलीकडे, सॅन रॅमोन, अमाडोर आणि लिव्हरमोर अशी तीन खोरी एकमेकांना लागून आहेत. हीच ट्राय-व्हॅली. इथे घर शोधणारे बहुतेक जण शाळांच्या क्रमवारीपासून सुरुवात करतात. पण चारही गावांत चांगल्या शाळा आहेत, तेवढ्यावरून निर्णय होत नाही. मी एक वेगळा प्रश्न विचारीन: घरात गाडी न चालवणारं कोण आहे? सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील, लायसन्स नसलेली बायको किंवा नवरा, चौदा वर्षांचा मुलगा, यांचा दिवस कसा जाणार?

डब्लिनची मोठी जमेची बाजू म्हणजे बार्ट, खाडी परिसरातली लोकल रेल्वे. 1997 साली सुरू झालेलं डब्लिन-प्लेझंटन स्टेशन हे या मार्गाचं शेवटचं टोक, त्यामुळे सकाळी ओकलंड-सॅन फ्रान्सिस्कोकडे जाताना बसायला जागा मिळते. पूर्व डब्लिनची घरं नवी आणि एकमेकांना खेटून, अंगण जेमतेम. काही वसाहतींत नेहमीच्या मालमत्ता कराशिवाय मेलो-रूस हा जादा करही असतो. घर पसंत पडलं तरी या कराची रक्कम आणि तो किती वर्षं चालणार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सॅन रॅमोनमधल्या डॉहर्टी व्हॅलीत भारतीय कुटुंबं इतकी आहेत की संध्याकाळी बागेत आजी-आजोबांना बोलायला माणूस मिळतोच. हे सुख लहान नाही. अडचण दुसरीच आहे: घरं टेकड्यांवर, दुकानं खाली, आणि बार्ट गाठायला बस किंवा गाडी हवी. 680 हायवेलगत बिशप रँच या ऑफिस संकुलात नोकरी असेल, तर मात्र याहून सोयीचं काही नाही. एक लक्षात ठेवा, सॅन रॅमोन कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत येतं आणि बाकीची तीन गावं अलामेडात.

प्लेझंटन हे माझं आवडतं, ते लपवत नाही. 580 हायवे ओलांडला की डब्लिन संपतं आणि जुनं, सपाट, झाडीचं गाव लागतं. मेन स्ट्रीटवर कॉफी, जवळच ग्रंथालय, शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार; डाउनटाउनजवळ राहिलात तर सगळं पायी. आमच्याकडे आई आली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी बाजारातून पिशवी भरून आली. त्या दिवशीचा तिचा चेहरा अजून आठवतो. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली आयर्न हॉर्स ट्रेल इथून उत्तरेला डब्लिन, सॅन रॅमोनपर्यंत जाते, मुलांच्या सायकलींसाठी उत्तम. घरं मात्र महाग, आणि जुन्या घराला छप्पर, खिडक्या, वायरिंगचा खर्च धरावाच लागतो.

लिव्हरमोरला बार्ट नाही. सॅन होजेकडे एस ही रेल्वे जाते, पण सकाळी मोजक्याच गाड्या. बदल्यात त्याच पैशांत सहसा मोठं घर आणि अंगण मिळतं. द्राक्षमळे आहेत, 1952 पासूनची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि उत्तर व दक्षिण दोन्ही शैलींत बांधलेलं शिव-विष्णू मंदिर आहे. घरातलं कोणी प्रयोगशाळेत काम करत असेल, तर दुसरीकडे बघूही नका. पण ऊन! खाडीकडून येणारा गार वारा डब्लिनला आधी लागतो, इथे पोचेपर्यंत त्याचा जोर कमी होतो. सप्टेंबर 2022 मध्ये लिव्हरमोरचा पारा 116 फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास 47 सेल्सिअसला गेला होता.

भूकंपाची चिंता चारही गावांना आहे: पश्चिमेकडून कॅलव्हेरस भ्रंश (जमिनीखालची भेग) जातो, लिव्हरमोरच्या पूर्वेला ग्रीनव्हिल. घराच्या साध्या विम्यात भूकंप येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. हप्ता आधीच बजेटात धरा.

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. जुलैतल्या एखाद्या कामाच्या दिवशी, दुपारी चार वाजता जा. दारापासून किराणा दुकानापर्यंत स्वतः चालत जा आणि हातात पिशवी घेऊन परत या.