डीव्हीडीस्टायलर: फुकटात चांगलं काम, पण फाइल तपासूनच द्या

नागपुरात लॉनवरच्या लग्नाचं शूटिंग आता पेनड्राइव्हवरच दिलं जातं. तरी आजी-आजोबांसाठी ‘एक डीव्हीडी पण करून द्या’ असं म्हणणारी पार्टी अजून भेटते. तेवढ्यासाठी महागडं सॉफ्टवेअर कशाला? डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि मेनूही बरे बनतात.

खोट एवढीच, की ते कुठल्याच फाइलला नाही म्हणत नाही. आत एफएफएमपेग (जवळपास कुठलीही व्हिडिओ फाइल वाचणारं इंजिन) आहे, त्यामुळे मोबाइलची एचईव्हीसी असो की कॅमेऱ्याची एमटीएस फाइल, सगळं मुकाट गिळतं. गडबड कळते डिस्क टीव्हीवर लावल्यावर. मुख्य तक्रार आवाजाची. सुरुवात ठीक असते, पण मंगलाष्टकांपर्यंत आवाज इतका मागे पडतो की अक्षता पडून गेल्यावर ‘सावधान’ ऐकू येतं. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करतो आणि डीव्हीडीला तो ठरावीकच लागतो, दोष तिथला आहे. फाइल आधी मीडियाइन्फोत (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून काढा: व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट 25, खाली ‘कॉन्स्टंट’, क्वालिटी आरएफ 18. मग ती नवी फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या.

सगळं शूटिंग मोबाइलचं, 30 फ्रेमचं असेल तर ‘पाल’चा (25 फ्रेमच्या टीव्ही पद्धतीचा) हट्ट नको. 30 चे 25 करताना दर सहावी फ्रेम गळते आणि वरातीतला नाच झटके खात दिसतो. प्रोजेक्ट सरळ एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीत ठेवा, फ्रेमरेट 29.97. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाजवतात. कॅमेरा 25 चा आणि मोबाइलचे दोन-चार तुकडेच असतील, तर मात्र पालच बरं.

जुन्या व्हीसीडीवरून डीव्हीडी करायची असेल तर प्रॉपर्टीजमधला ‘कॉपी’ (फाइल न बदलता जशीच्या तशी घेणं) पर्याय जपून वापरा. व्हीसीडीचं 352 बाय 288 चं एमपेग-1 चित्र डीव्हीडीला चालतं, ते कॉपी करा. आवाज मात्र 44.1 किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला 48 लागतो. तिथे कॉपी ठेवलंत तर एखादा प्लेअर मुका बसेल. आवाजाला एसी-3 (डीव्हीडीचा नेहमीचा ऑडिओ फॉरमॅट) निवडा.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ‘ऑटो’ ठेवला की सॉफ्टवेअर कितीही लांब व्हिडिओ 4.7 जीबीत बसवू पाहतं. दोन तासांना साधारण 5 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात, चित्र छान येतं. तीन तास कोंबले की साडेतीनच्याही खाली जातं आणि शालूच्या जरीवर चौकोन दिसू लागतात. अशा वेळी दोन डिस्क करा. छोट्या व्हिडिओला उलट 7 च्या आसपास हातानेच बांधा. कमाल मर्यादा 9.8 असली तरी राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे अडखळतात.

एरर आली की हे सॉफ्टवेअर धड काही सांगत नाही, लॉग वाचावा लागतो. त्याआधी दोन गोष्टी बघा: टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरच्या ड्राइव्हवर 15 जीबी तरी मोकळी हवी, आणि फाइलचं नाव साधं रोमन, मात्रा-वेलांटीशिवायचं.

थेट बर्न करू नका. आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसीत शेवटची दहा मिनिटं बघा, मग डीव्हीडी-आरवर 8एक्स स्पीडने राइट करा.