गावरान कोंबड्यांचे जंत: पिपराझिन की अल्बेंडाझोल?

विष्ठेत शेवयांसारखे लांब पांढरे जंत दिसतायत, तुरा फिका पडलाय, खाऊनही कोंबडी हाताला हलकीच लागते, तर पिपराझिन स्वस्त पडतं आणि पाण्यातून देता येतं, पण ते चालतं फक्त मोठ्या गोल जंतांवर, तेही पूर्ण वाढलेल्या, ते लुळे पडून बाहेर येतात आणि आतली जंतांची पिल्लं राहतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावंच लागतं. अल्बेंडाझोल केसासारख्या बारीक जंतांवर पण चालतं. पाण्यात मात्र तळाला बसतं, मी तरी चोचीतूनच देईन, डोस वजनावर, डॉक्टरांना विचारून, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. रक्ताची हगवण असेल तर बहुतेक कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा रोग, जंत नव्हे), तिथे दोन्ही फुकट, त्याला अँप्रोलियम लागतं.