लग्नपत्रिकेवर ‘रोझा वन’: एका हंगामाचा अनुभव

आर्णी तालुक्यात माझं डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी सुरू होते. या हंगामात वधू-वरांची नावं मी सरसकट ‘रोझा वन’ या फॉन्टमध्ये लावली.

फॉन्ट इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चा. परवाना मुक्त आहे. गूगल फॉन्ट्सवरून फुकट मिळतो आणि धंद्यातही चालतो. त्यातली इंग्रजी अक्षरं १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी निघालेल्या जाड टायपांच्या वळणाची आहेत, आणि देवनागरी त्यांच्या शेजारी उपरी वाटत नाही.

याचा सगळा जीव जाड-बारीक रेषांत आहे. जाड रेष शाईने गच्च भरलेली, तिला लागूनच केसाएवढी बारीक. ‘प्रज्ञा’ किंवा ‘श्रीकांत’ ४० पॉइंटात घेऊन बघा, आजूबाजूला वेलबुट्टीची गरजच उरत नाही. साक्षगंधाच्या कार्डावर गणपती, दोन नावं आणि भरपूर मोकळी जागा एवढं ठेवलं तरी गिऱ्हाईक खूश होतं.

पण ती बारीक रेष जपावी लागते. सोनेरी शाईचे कण जाड असतात, त्यासाठी छपाईच्या स्क्रीनची जाळी मोकळी लागते, आणि मोकळ्या जाळीतून बारीक रेष तुटक उमटते. म्हणून नावाला मी त्याच रंगाची ०.२ पॉइंटची आउटलाइन देतो. लाल पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर ठेवायचं असेल तर उलटा त्रास: शाई पसरते आणि रेष बुजते. तिथे आकार वाढवण्याला पर्याय नाही. रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट स्टिकरमधून अक्षरं कापायला, तर हा फॉन्ट घेऊच नका. एका कृषी केंद्राच्या काचेसाठी नमुना कापून पाहिला. चिमट्याने फालतू भाग सोलायला लागलो तशी बारीक रेष त्याच्यासोबत उचलून आली.

‘कार्यस्थळ’ आणि नातेवाइकांची यादी यात अजिबात लावू नये. १४ पॉइंटाखाली जोडाक्षरांतली पोकळी भरून जाते, वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. खालचा मजकूर मी ‘मुक्ता’ या दुसऱ्या फॉन्टात लावतो. तेरवीच्या कार्डालाही रोझा शोभत नाही, फार मिरवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिकेतही नाव मोठं हवं, नाहीतर फाइल लहान करायला फोटो दाबला जाताना बारीक रेषा आधी जातात.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, फ्लेक्सवर मात्र त्याने मला जिंकलं. दोन-दोन फुटांची अक्षरं, पिवळ्यावर काळी. एवढ्या आकारात बारीक रेषही बोटभर जाड होते, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यालाही वाचता येते.

फॉन्टचं वजन, म्हणजे अक्षराच्या जाडीचा प्रकार, एकच आहे, हीच मोठी उणीव. याच वळणाचं थोडं हलकं वजन निघालं तर पत्रिकेतली आई-वडिलांची नावंही त्यातच लावता येतील. तोवर वधू-वरांना रोझा आणि बाकी सगळ्यांना मुक्ता.