वॉचडॉग आणि सीरियल कन्सोल: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावरचं सांगतो

आपली कामं दोनकडं. एक अक्कलकोट रोड एमआयडीसीत, तिथं टॉवेलच्या मागांची मोजणी करणारे रास्पबेरी पाय (छोटे लिनक्स कॉम्प्युटर बोर्ड, पुढं नुसतं ‘पाय’) बसवलेत, आणि दुसरं सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागेत, ठिबकचे व्हॉल्व चालवणारा तसलाच एक बोर्ड, बीगलबोन ब्लॅक. एमआयडीसीत बोर्ड हँग झाला तर गाडीला किक मारली की पोचतो, पण सांगोला म्हणजे दिवस गेला, आणि एवढं जाऊन करायचं काय तर वायर काढून परत लावायची.

म्हणून बागेतल्या पेटीत एक जुना पाय शेजारी ठेवला, सीरियल कन्सोलसाठी, म्हणजे बोर्डाचं नेटवर्क बंद असलं तरी वायरीवरून त्याचे मेसेज वाचायला आणि कमांड द्यायला. त्याच्या यूएसबीला सीपी२१०२ चिपचा यूएसबी-टू-सीरियल (टीटीएल) अ‍ॅडॉप्टर आणि तिथून बीगलबोनच्या सहा पिनांच्या डीबग हेडरला तीनच वायरी, ग्राउंड, आरएक्स (घेणारी), टीएक्स (पाठवणारी). स्पीड ११५२००, आणि अ‍ॅडॉप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टवाला लावून पिन उडवू नका. पायवर सेर-टू-नेट (सीरियल पोर्ट नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) टाकलंय पण ते फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच पायच्या आतून, कारण साध्या टेलनेटला पासवर्ड-बिसवर्ड काही नसतो. सिमकार्डाला पब्लिक आयपी मिळत नाही त्यामुळं वायरगार्ड व्हीपीएन, लाइन जिवंत ठेवायला कीपअलाइव्ह २५ सेकंद, आणि सोलापुरात घरी बसून पायवर शिरलं की थेट कन्सोल.

आता वॉचडॉग. लोकांना वाटतं हा लावला की झालं, झोपा निवांत. सिस्टमडी (लिनक्समधल्या सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम) चिपमधल्या टायमरला ठराविक वेळानं टपली मारत राहतो, टपली चुकली की बोर्ड रिसेट, एवढंच ते काम. पायवर हा टायमर १५ सेकंदांच्या आसपासच जातो. कर्नल (लिनक्सचा गाभा) खरंच अडकला तर हे मस्त चालतं, मागांच्या शेडमध्ये बऱ्याचदा बोर्ड आपोआप उठलेले बघितलेत. पण तुमचा प्रोग्रॅम अडकला आणि सिस्टमडी जिवंत असला तर टपली पडतच राहते की ओ! त्यासाठी सर्व्हिसमध्ये वेगळा वॉचडॉगसेक (हजेरीची मुदत) द्यावा लागतो आणि प्रोग्रॅमनं स्वतः हजेरी लावावी लागते. अजून एक गंमत, रीस्टार्ट ऑलवेज लिहिलं तरी सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा पडली की सिस्टमडी नाद सोडून देतो, डिफॉल्टच तसं आहे. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली तेव्हा हेच झालं, बोर्ड चालू, पिंग चालू, ठिबक बंद. आता लिमिट गाठली की रीबूट असं लावलंय.

पण खरा पैसा वसूल झाला तो पेनड्राइव्हच्या भानगडीत. मालकाच्या पोरानं लॉगसाठी लावलेला पेनड्राइव्ह गाणी भरायला काढून नेला, कुणाला काही बोलला नाही. रात्री लाईट गेली, आली, बोर्ड बूट झाला, एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) त्या ड्राइव्हची ओळ, दीड मिनिट वाट बघितली आणि गेला इमर्जन्सी मोडला. एसएसएच (नेटवरून लॉगिन) नाही, काही नाही, आणि वॉचडॉग एकदम खूश, कारण सिस्टमडी तर चालूच आहे ना! सीरियलवर मात्र सगळं लिहून आलेलं. रूटचा (अ‍ॅडमिन अकाउंटचा) पासवर्ड टाकला, ओळीत नोफेल (ड्राइव्ह नसला तरी बूट अडवू नको) टाकलं, रीबूट, चहा प्यायला मोकळा. फक्त रूटला पासवर्ड आधी देऊन ठेवा, अकाउंट लॉक असलं तर त्या मोडमध्ये आतच घेत नाही, मग कन्सोल असून काय उपयोग.

दुसरं म्हणजे त्या जुन्या पायवर कन्सोलचा लॉग चोवीस तास फाइलला जातो. कर्नल पॅनिकच्या (कर्नल कोलमडतो तेव्हाच्या) शेवटच्या ओळी बोर्डाच्या स्वतःच्या डिस्कवर बहुतेक पोचतच नाहीत, इथं सापडतात. नुसता वॉचडॉग असला की बोर्ड उठतो, दुखणं कळत नाही, परत पडतो.

तक्रारी पण आहेत. सीएच३४० वाले स्वस्त अ‍ॅडॉप्टर दोन लावले की बहुतेकांना सीरियल नंबरच नसतो, रीबूटनंतर यूएसबी-शून्य कुठला आणि एक कुठला काय कळत नाही, बाय-पाथचं नाव (कुठल्या यूएसबी पोर्टात लावलंय त्यावरून ठरणारं) वापरा. यू-बूटवाल्या (यू-बूट म्हणजे लिनक्स चालू करून देणारा बूटलोडर) बोर्डाला आरएक्सवर नॉईज आला की त्याला वाटतं कुणीतरी की दाबली, बूट तिथंच थांबतं, त्यामुळं लांब वायर नको आणि थांबवायला ठराविक शब्दच लागेल असं सेट करा. एमआयडीसीत रिलेनं पायची पॉवर तोडली तरी अ‍ॅडॉप्टरच्या टीएक्समधून थोडा करंट आत जातच होता, बोर्ड धड मरेना धड जगेना. टीएक्सला १ के (१००० ओहम) चा रेझिस्टर लावला तेव्हा सरळ झालं.

अ‍ॅडॉप्टर, वायरी, रिले असं धरून खर्च किरकोळ आहे, जुना बोर्ड पडून असेल तर फारच. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत पाय तापतो, त्याला मोठी हीटसिंक लागली. नवीन साइटला मी आधी सीरियलच्या तीन वायरी ओढतो, वॉचडॉग नंतर चालू करतो.