वंदे भारत की सिद्धेश्वर?

सोलापूरहून मुंबईला जायचं म्हटलं की हल्ली घरोघरी वाद. पोरं म्हणतात वंदे भारत, वडीलधारी म्हणतात रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. माझं मत आधीच सांगतो: गाडी किती नवी हे बघू नका, मुंबईत तुमचं काम किती वाजता आहे ते बघा.

वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. पहाटे सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला टेकवते. साधारण ४५५ किलोमीटरला साडेसहा तास. सिद्धेश्वर रात्री निघून सकाळी उतरवते, तास-दोन तास जास्त घेते, पण ते झोपेत जातात. मंगळदास मार्केटला माल बघायचाय, परळला दवाखान्यात सकाळचा नंबर लावायचाय, तर साडेबाराला पोचून काय करणार? दिवस वाया आणि वर मुक्कामाचा खर्च.

आता डब्यांचं. वंदे भारतमध्ये सगळी बसायची सोय, बर्थ नाही. कंबरदुखीच्या माणसाला सलग साडेसहा तास खुर्चीत बसवणं म्हणजे शिक्षाच की ओ! चेअर कारचं तिकीटही हजाराच्या पुढे. सिद्धेश्वरच्या स्लीपरमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पाय पसरून झोपता येतं.

खरी मजा परतीच्या प्रवासात, कर्जतला कळते. तिथून बोरघाट सुरू होतो. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इंजिनाने ओढायच्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. सिद्धेश्वरमध्ये मध्यरात्री थाडकन दणका बसून जाग आली, की समजायचं मागचं इंजिन जोडलं गेलं. चढ संपला की ते सोडायचं. वंदे भारतला ही भानगड नाही. तिच्या निम्म्या चाकांच्या आसांना मोटर आहे, त्यामुळे गाडी स्वतःच्या बळावर घाट चढते. नव्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो. सरकते दरवाजे आणि मोठ्या काचा नंतर.

पण घाट तोच आहे. १८६३ ला खुला झालेला मार्ग, बोगद्यांचा आणि वळणांचा. तिथे ताशी १६० च्या क्षमतेची गाडीही सांभाळूनच जाते. पनवेल–कर्जत नव्या मार्गावर वावर्ल्याला २,६२५ मीटरचा बोगदा खणलाय, १९१६ च्या पारसिक बोगद्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे आता सोलापूर जवळ येणार असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तो मार्ग कर्जतला येऊन मिळतो, घाटाच्या पायथ्याशी. लोकलवाल्यांचं भलं होईल, आपला चढ आहे तिथेच.

सोलापूरकरांचा वेळ खरा वाचवला तो दौंड-सोलापूर दरम्यानच्या दुहेरीकरणाने. पूर्वी एखाद्या आडस्टेशनवर क्रॉसिंगसाठी गाडी उभी राहायची, समोरून मालगाडी धडधडत जाईपर्यंत चहा संपायचा. दुसरा रूळ आल्यावर फायदा एका गाडीला नाही, सोलापूर–पुणे हुतात्मा एक्स्प्रेसपासून पॅसेंजरपर्यंत सगळ्यांना झाला. म्हणूनच नवीन गाडी मागणाऱ्या पुढाऱ्यांनी रूळही मागावा, असं माझं म्हणणं.

पुण्यालाच उतरायचं असेल तर माझ्या लेखी विचारही नको: हुतात्मा. तीही पहाटेच निघते, वंदे भारतपेक्षा तास-सव्वा तास उशिरा पोचवते आणि पैसे कितीतरी कमी घेते.

दुपारनंतरचं काम असेल, खिसा परवडत असेल आणि रात्रीच्या गाडीत झोप लागत नसेल, तर वंदे भारत बेलाशक घ्या. फक्त वार बघा: सोलापूरहून ती गुरुवारी सुटत नाही आणि मुंबईहून बुधवारी.