पोस्टग्रेसचं रिप्लिकेशन: एक पावसाळा वापरल्यानंतर

फोंड्यातल्या आमच्या पतसंस्थेच्या डेटाबेसची प्रत पावसाळ्याआधीपासून पुण्यातल्या स्टँडबायवर, म्हणजे मुख्य सर्व्हर पडला तर त्याची जागा घेणाऱ्या राखीव सर्व्हरवर, चालू आहे. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस 15, पद्धत स्ट्रीमिंग रिप्लिकेशन: मुख्य सर्व्हरवरचे बदल सतत पलीकडे जात राहतात. प्रत सुरू करायला एक दुपार पुरते. डेटाबेस त्यासाठी तयार करायला मात्र महिने लागले, आणि कोणी हे घ्यायचं ठरवलं तर वेळ तिथेच द्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

स्टँडबाय मडगावच्या शाखेत ठेवावा अशी सूचना होती. स्वस्त पडलं असतं. पण मे 2021 मधलं तौक्ते वादळ आमच्यातलं कोणीच विसरलेलं नाही. तेव्हा उत्तर आणि दक्षिण गोव्यात एकाच वेळी वीज गेली होती. एकाच वादळात दोन्ही सर्व्हर सापडणार असतील तर दुसऱ्यावर खर्च कशाला करायचा? म्हणून घाटापलीकडे गेलो.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दोन्हीकडची लिनक्स जुळवण्याने. आमचा सर्व्हर सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवर होता, म्हणजे जीलिबसी 2.17. जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस तिच्याकडून घेतो. पुण्याला मिळत होता तो नव्या लिनक्सवरचा. जीलिबसी 2.28 मध्ये, 2018 साली, अक्षरं लावण्याचे नियम बदलले. ‘11’ आणि ‘1-1’ यांचा क्रम जुन्यात एक, नव्यात उलटा. आता विचार करा: स्ट्रीमिंगमध्ये इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची क्रमवार सूची, जसाच्या तसा पलीकडे जातो. तो जुन्या नियमाने लावलेला आणि नव्या नियमाने वाचला जाणार. घरक्रमांकावरून खातेदार शोधला तर तो नोंदीत असूनही सापडणार नाही, आणि लॉगमध्ये एरर दिसेलच असं नाही. रिप्लिकेशन मात्र व्यवस्थित चालू दिसेल. म्हणून आधी फोंड्याचाच सर्व्हर नव्या लिनक्सवर नेला, मजकुराच्या कॉलमांवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स केले, म्हणजे नव्याने बांधले, आणि मगच प्रत घेतली. हे टाळून पुढे जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट अनलॉग्ड टेबलांची. वॉल म्हणजे बदलांची नोंदवही, स्टँडबायला तीच पाठवली जाते. ही टेबलं वॉलमध्ये लिहिली जात नाहीत, त्यामुळे स्टँडबाय प्रमोट केल्यावर, म्हणजे त्यालाच मुख्य सर्व्हर केल्यावर, रिकामी निघतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराने दिवसाच्या भरण्याचं तात्पुरतं टेबल वेगासाठी तसं ठेवलं होतं. ते लॉग्ड करून घेतलं, तेही रात्री, कारण हा बदल चालू असताना टेबलाला कुलूप लागतं.

डेटा चेकसमही, म्हणजे डिस्कवरचा डेटा बिघडला तर ओळखू येणारे पडताळणीचे आकडे, आधीच चालू करून घेतले. सर्व्हर बंद ठेवून करावं लागतं, पण ते किंवा वॉल लॉग हिंट्स ही सेटिंग चालू नसेल तर प्रमोशननंतर जुना प्रायमरी, म्हणजे आधीचा मुख्य सर्व्हर, पीजी-रिवाइंड या साधनाने परत जोडता येत नाही. अख्खी प्रत पुन्हा घ्यावी लागते.

पावसाळ्यात पुण्याची लाइन अनेकदा तुटली. स्लॉट (स्टँडबायपर्यंत कुठवर पोचलं याची प्रायमरीवरची खूण) असल्यामुळे न गेलेल्या वॉल फाइली प्रायमरीवर साठत राहतात आणि लाइन आली की स्टँडबाय आपोआप गाठतो. हे इतकं शांतपणे होतं की पाहून बरं वाटतं. फक्त साठ्याला मर्यादा घालावीच. आवृत्ती 13 पासून तशी सेटिंग आहे, पण मुळात अमर्याद असते, आणि डिस्क भरली तर प्रायमरीच बंद पडेल. मर्यादा ओलांडली तर स्लॉट निकामी होतो, म्हणून वॉलचं वेगळं अर्काइव्हही ठेवलंय.

त्रास दोन. स्टँडबायवर मोठे अहवाल चालवले की ते मध्येच रद्द होतात. अहवालासाठी आलेली वॉल लागू करणं थांबवायची मुदत मुळात 30 सेकंदांचीच आहे. आम्ही ती वाढवली, त्या बदल्यात लॅग वाढतो, म्हणजे स्टँडबाय मागे राहतो. आणि आपोआप फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी पडल्यावर स्टँडबायने स्वतःहून जागा घेणं, पोस्टग्रेसमध्ये नाही, त्यासाठी पॅट्रोनीसारखं वेगळं सॉफ्टवेअर वरून बसवावं लागतं. आमच्या आकाराच्या संस्थेला माणसाने ठरवून प्रमोट केलेलं बरं, असं माझं मत. रिप्लिकेशन असिंक्रोनसच ठेवलंय, म्हणजे फोंड्यातली नोंद पुण्याच्या पोचपावतीसाठी थांबत नाही. सिंक्रोनस केलं तर पुण्याची लाइन गेल्याक्षणी काउंटरवरचा भरणा अडकेल. शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात, हे संचालक मंडळाला लेखी कळवलं आहे.

चवथीच्या सुट्टीत पुण्याचा सर्व्हर प्रमोट करून शाखांना तिकडे जोडलं. शिल्लक जुळली. अडलं ते पीजी-एचबीए फाइलवर (कोणाला कुठून जोडता येईल ते यात असतं) आणि रात्रीच्या व्याज आकारणीच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाच्या नोंदीवर): या दोन्ही रिप्लिकेशनमध्ये जात नाहीत. आता त्यांची प्रत दररोज वेगळी जाते.

आणि जुना रोजचा बॅकअप चालूच आहे. चुकीचा डिलीट फोंड्यात झाला तर तो काही क्षणांत पुण्यातही होतो.