टिळकवाडीतला रविवारचा वर्ग: गुन्हा, शिक्षा आणि सातशे रुपये

बेळगावच्या टिळकवाडीत एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घराच्या माडीवर हा वर्ग घेतात. गुन्हा आणि शिक्षा याबद्दल माणसं कसकसा विचार करत आली, हा विषय. सहा रविवार, दहा ते साडेबारा, फी 700 रुपये, सगळं मराठीतून. मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करतो. जामीनअर्ज, प्रतिज्ञापत्रं, तारीख पुढं ढकलायला मुदतीचे अर्ज, दिवसभर कन्नड नाहीतर इंग्रजी. ज्या कलमांवर पोट चालतं ती आली कुठून, हे मराठीत ऐकायला मिळतंय म्हटल्यावर नाव घातलं.

पहिला रविवार वाया. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांपासून कौटिल्यापर्यंत एका दमात. लिहून घेताना हात मोडला आणि डोक्यात काही राहिलं नाही. दुसऱ्या रविवारी सर मराठेशाहीवर आले आणि गाडी रुळावर आली. राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री सगळ्यांना पाठ, म्हणून ते त्यांनी लवकर आटोपलं. वेळ दिला तो साध्या माणसांच्या खटल्यांना. रवा दिव्य कसं व्हायचं ते सांगितलं: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, काही दिवसांनी उघडून फोड बघायचे. फोड आले तर माणूस खोटा. पोरं हसली. सर हसले नाहीत.

पण मला लागलं ते पुढचं. गुन्हा शाबीत झाला की सरकारचा दंड वेगळा आणि प्रायश्चित्त वेगळं. प्रायश्चित्त घेऊन जातभाईंना जेवण घातलं की गोतपत मिळायची, म्हणजे पंक्तीत परत घेतल्याचा कागद. जात बघून दंड कमी-जास्त व्हायचा, तेव्हा त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही, आणि सरांनीही गायले नाहीत. तरी परत घेतल्याचा कागद होता, हे खरं. माझ्याकडे निर्दोष सुटलेली पोरं येतात, नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनसाठी प्रतिज्ञापत्र करायला. निकालाची नक्कल हातात असते, तरी ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल होता काय’ या रकान्यापाशी अडतात.

तिसरा रविवार बेकारियाचा, आणि सगळ्या वर्गात उत्तम. मिलानचा हा माणूस, 1764 साली त्याचं पुस्तक निघालं, तेही आधी नाव न घालता. वय 26. त्याआधी सातच वर्षं पॅरिसमध्ये राजावर चाकू चालवणाऱ्या दामियाँला भर चौकात घोड्यांकडून ओढून फाडलं होतं. बेकारियाचं म्हणणं, शिक्षा किती भयंकर यानं गुन्हे थांबत नाहीत. ती नक्की होणार आणि लवकर होणार, यानं थांबतात. छळ करून घेतलेला कबुलीजबाब काय सिद्ध करतो? ज्याची हाडं मजबूत तो सुटतो, एवढंच. 1786 मध्ये इटलीतल्या टस्कनी राज्यानं फाशीच काढून टाकली, त्यामागे हाच विचार. ‘लवकर’ ऐकल्यावर मागच्या बाकावरचे एक वकील खोकले. मुदतीचे अर्ज टाईप करून घर चालवणाऱ्यानं यावर काय बोलावं!

चौथ्या तासाला घोटाळा झाला. बेंथम या इंग्रज विचारवंतानं सुचवलेल्या तुरुंगाचा नकाशा म्हणून सरांनी अंदमानच्या सेल्युलर जेलचं चित्र दाखवलं. बेंथमची कल्पना गोल इमारतीची, मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडीच्या आत दिसावं अशी. सेल्युलर जेलला मनोऱ्यापासून फुटलेले सात लांब फाटे, आणि कोठडीसमोर दुसऱ्या फाट्याची पाठ. एकात सतत कुणीतरी बघतंय ही धास्ती, दुसऱ्यात शेजारचा कैदीसुद्धा दिसू नये ही सोय. खानापूरहून येणाऱ्या बाईंनी हे दाखवून दिलं, तेव्हा सरांनी तिथंच मान्य केलं. हे मला आवडलं.

पाचव्यात मेकॉलेचा 1837 चा मसुदा, 1 जानेवारी 1862 पासून लागू झालेली दंडसंहिता, ते 1 जुलै 2024 ची न्याय संहिता. पहिलीच चोरी, माल 5,000 च्या आतला आणि तो परत केला, तर आता समाजसेवेची शिक्षा. यावर छान वाद झाला.

माझी तक्रार एकच, पण मोठी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यावर अक्षर नाही. अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवून रोज हजेरी घ्यायची, ही कल्पना तुमच्या इतिहासात बसत नाही? हुबळी आणि सोलापूर, दोन्हीकडे या जमातींना ठेवायच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट होत्या. कायदा गेला 1952 ला. संशय घ्यायची सवय गेली काय, ते आमच्या आवारात येऊन बघा. मी विचारलं तर ‘वेळ पुरत नाही’. मग हम्मुराबी कापा की.

झेरॉक्स नोट्स पुसट आहेत, चष्मा न्या. चहा बरा. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत जागा नाही. शेवटचा रविवार फाशी हवी की नको यावर आरडाओरड्यात जातो, तो चुकवला तरी चालेल. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे आणि दुसरा रविवार झाल्यावर पैसे भरले तरी सर चालवून घेतात, तेव्हा आधी बसून बघा.